भंगारातला चेनसॉ: आधी हवा कोंडा, मग कानस उचला

मे महिन्यात वळीव कोसळला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. काहींच्या गोठ्यावर झाड पडलेलं असतं आणि चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायचं पेट्रोलवरचं मशीन, सुरूच होत नसतं. बाकीच्यांचं सुरू होतं, पण 'पहिल्यागत पळत नाही'. या दुसऱ्यांचा इलाज घरूनच ठरवून आणलेला असतो. "सायलेन्सर फोडून द्या की ओ, पळंल मग." बुलेटला जे केलं ते करवतीला का नको, असा साधा हिशोब.

फोडून देतो मी, नाही असं नाही. पण सगळ्यात शेवटी. जुन्या चेनसॉची बरीचशी ताकद बोथट साखळीत, पिस्टनच्या चिकटलेल्या रिंगेत आणि सुईच्या टोकाएवढ्या गळतीत गेलेली असते. ती परत न आणता सायलेन्सर फोडला की मशीन चार दिवस बोंबलतं आणि पाचव्या दिवशी जाम होतं. हे मी एकदा स्वतःच्या हातानं करून बसलोय. पुढं सांगतो.

उदाहरणाला माझ्याकडचाच एक घेऊ. टिंबर मार्केटातल्या एका वखारीत कोपऱ्यात पडून होता. स्टिल (Stihl) कंपनीचा ०३८ मॅग्नम, म्हणजे पुढं एमएस ३८१ नावानं विकल्या गेलेल्या मशीनचा थोरला भाऊ. ७२ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३४ मिमी. वरून भुसा आणि तेलाचा थर असा बसलेला, की खुरप्यानं खरवडावा लागला. दोर ओढला तर सुळकन हातात आला. वजनाच्या भावात मिळाला.

आधी अर्धा तास साखळीला द्या

मशीन चालू स्थितीत असेल तर इंजिनाला हात लावण्याआधी साखळी घासा. फुटभर जाडीचा निलगिरीचा ओंडका घोडीवर ठेवा, एक काप घ्या, मोबाइलवर सेकंद मोजा आणि आकडा भिंतीवर खडूनं लिहा. पुढं प्रत्येक टप्प्यानंतर त्याच ओंडक्यावर तसाच काप घ्यायचा. 'लई पळतंय आता' हे कानाचं मत असतं, आणि फोडलेल्या सायलेन्सरच्या आवाजात कान हमखास फसतो.

३/८ इंच पिचच्या, म्हणजे कड्यांमधल्या अंतराच्या, साखळीला ५.२ मिमीची गोल कानस लागते. कोन ३० अंश. वाळक्या बाभळीसारखं कडक लाकूड रोजचं असेल तर २५ ठेवा, धार जास्त टिकते. सगळ्यात झिजलेला दात शोधायचा आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणायचे. एका बाजूचे दात लांब राहिले की मशीन लाकडात तिरकं जातं आणि माणूस बारला, म्हणजे साखळी ज्यावर फिरते त्या लांब पात्याला, शिव्या देतो. दातापुढची टेकडी, म्हणजे डेप्थ गेज, दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली हवी. पट्टी लावून चपट्या कानशीनं उतरवा. डोळ्यानं अंदाजे उतरवली की साखळी लाकडाला चावते आणि मशीन अंगावर उसळतं.

बार उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. कडेला फुटलेली बुरी, म्हणजे धातूची उचललेली धार, चपट्या कानशीनं काढा. तेलाचं भोक तारेनं मोकळं करा, त्यात भुशाचा सिमेंटसारखा गोळा बसलेला असतो. स्प्रॉकेटवर, म्हणजे साखळी ओढणाऱ्या दातेरी चाकावर, साखळीनं पाडलेला चर अर्धा मिलिमीटर खोल गेला असेल तर स्प्रॉकेट बदला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढवली की दोन आठवड्यांत तीही बाद होते. आणि साखळीला गाडीतून काढलेलं काळं ऑइल ओतू नका. त्यात धातूचा बारीक चुरा असतो, तो ऑइल पंप आणि बार दोन्ही खातो.

येणाऱ्यांतल्या निम्म्यांचं काम इथंच भागतं. ते चहा पिऊन जातात.

दुखणं कुठं आहे

प्लग काढा, सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि काटा थांबेपर्यंत सहा-सात वेळा दोर ओढा. १५० पीएसआयच्या वर असेल तर इंजिन धडधाकट. १२० च्या खाली गेलं की थकलेलं. ९० ला सुरू झालं तरी गरम झाल्यावर मान टाकतं. बाइकच्या गॅरेजमधलं लांब पाइपचं गेज इथं आकडा कमी दाखवतं, कारण पाइपातल्या हवेची जागा या छोट्या चेंबरच्या मानानं मोठी असते. व्हॉल्व्ह अगदी टोकाला असलेलं गेज घ्या. मशीनला डिकॉम्प्रेशनचं, म्हणजे दोर हलका जावा म्हणून दाब सोडणारं, बटण असेल तर ते पूर्ण बंद होतंय ना, हे आधी बघा. माझ्या गेजवर वखारीतल्या मशीननं ७५ दाखवले.

मग सायलेन्सर खोला आणि एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर जायच्या, तोंडातून बॅटरी मारून पिस्टन बघा. पिस्टनवरचे ओरखडे सगळी कथा सांगतात. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला खोल ओरखडे असतील तर पेट्रोल-तेलाच्या मिश्रणात तेल कमी पडलं किंवा मशीन हवा जास्त, पेट्रोल कमी असं चाललं. इनटेकच्या, म्हणजे मिश्रण आत येण्याच्या, बाजूला राखाडी, मॅट झिज दिसली तर फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ गेली. चारी बाजूंनी पट्टे असतील तर सिलिंडरच्या पाकळ्या भुशानं बुजून मशीन तापलं. कारण कळल्याशिवाय नवीन पिस्टन घालू नका. जुन्याला ज्यानं मारलं तो आतच बसलेला असतो.

खोलताना

प्रत्येक स्क्रू कुठला ते लक्षात राहील असा भ्रम नको. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मशीनचं ढोबळ चित्र काढतो आणि स्क्रू त्या-त्या जागी खोचून ठेवतो. बहुतेक स्क्रूंना टी-२७ चा स्टार पाना लागतो. ॲलन की दामटून चालवली की डोकं गोल होतं, मग ड्रिल घेऊन बसा.

क्लच काढताना पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सुती दोरीची गुंडाळी आत सोडा, पण पिस्टननं एक्झॉस्टचं तोंड झाकल्यावरच, नाहीतर दोरी पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या दारात, चिमटते. क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की सुटतो. फ्लायव्हीलचा नट मात्र नेहमीसारखा. फ्लायव्हीलला पुलर लावा. हातोडीनं पाकळ्या ठोकल्या की एखादी तुटते, आणि तोल गेलेलं फ्लायव्हील बेरिंग खातं.

सिलिंडर: इथं बोअर मारायचा नाही

आपल्या गावात हे मुद्दाम सांगावं लागतं. कोल्हापूरनं ऑइल इंजिनावर हात घडवलेत. शेजारच्या लेथवाल्याला ओरखडलेला सिलिंडर दाखवला की तो बघतोही न बघतो तोच म्हणतो, "अर्धा एमएम बोअर मारू आणि ओव्हरसाइज पिस्टन घालू, हाय काय त्यात." ओतीव लोखंडाच्या लायनरला ते बरोबर आहे. चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यावर निकासिलचा, म्हणजे निकेलात रुतवलेल्या सिलिकॉन कार्बाइडचा पातळ मुलामा असतो. बोअर मारला की मुलामा गेला, खाली मऊ ॲल्युमिनियम उघडं पडलं, सिलिंडर मेला.

सुदैवानं बऱ्याचदा ओरखडे सिलिंडरला नसतातच. पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम मुलाम्यावर थापलं गेलेलं असतं, आणि ते रसायनानं निघतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड (संडास साफ करायचं साधं मिळतं तेही चालतं, फक्त हळू) कान कोरायच्या कापसाच्या काडीवर घ्या आणि फक्त त्या थापीवर लावा. फेस येतो. फेस आहे तोवर खाली ॲल्युमिनियम आहे. फेस थांबला की मुलामा लागला. पाण्यानं धुवा, पुन्हा लावा. पोर्टच्या कडेला ओघळ जाऊ देऊ नका, तिथं सिलिंडरचं स्वतःचं ॲल्युमिनियम उघडं असतं आणि ॲसिडला आपला-परका कळत नाही. काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. नंतर सोड्याच्या पाण्यानं धुवून, ४०० नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून तिरक्या फुलीच्या रेघांत हलका हात फिरवा. नख फिरवून अडलं नाही तर सिलिंडर वाचला. मुलामा सोलून खालचं चमकदार ॲल्युमिनियम दिसत असेल तर नवीन घ्या.

नवीन म्हणून बाजारातला स्वस्त सेट घेणार असाल तर पोर्टच्या कडांवरून बोट फिरवा. धारदार लागल्या तर रिंग अडकून तुटेल. बारीक दगडानं त्या कडा मोडायच्या. त्या सेटमधले सर्क्लिप, म्हणजे पिस्टनची पिन अडवणाऱ्या तारेच्या कड्या, मी सरळ कचऱ्यात टाकतो आणि चांगले घेतो. दहा-वीस रुपयांच्या तारेनं सिलिंडर फाडलेला बघितलाय.

बेरिंग, सील, पिस्टन

क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो शाफ्ट, हातानं फिरवून बेरिंग खरखरतंय का ऐका, वर-खाली हलतंय का बघा. ठीक असेल तर क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीचं धातूचं कवच, फोडू नका, फक्त शाफ्टभोवतीची दोन्ही ऑइल सील बदला. ते बाहेरूनच निघतात. बेरिंग बदलायचंच असेल तर क्रँककेस तापवून बदला. पण गॅसची ज्योत अजिबात नको: कित्येक चेनसॉचे क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. पेट्रोल-तेलाचा अंशही राहणार नाही असं धुवून वाळवा आणि हीट गन लावा. पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचून उडाला की क्रँककेस शंभर अंशाच्या वर गेला, बेरिंग आपसूक बसतं. क्रँक तोवर पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवलेला असावा. आमच्याकडं तो मटारच्या पाकिटाशेजारी असतो आणि त्यावरून घरात दरवर्षी बोलणं होतं.

सील बसवताना शाफ्टच्या आट्यांवर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळा. आट्याच्या धारेनं नव्या सीलचा ओठ चिरतो आणि तो चिरलेला दिसत नाही. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडं. रिंगेचं तोंड खोबणीतल्या पिनेवर. सर्क्लिपचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवा, आडवं नको. सगळ्याला टू-स्ट्रोक तेलाचा हात, मग सिलिंडर हळू खाली. जोर लावावा लागला तर थांबा, रिंग पिनेवरून सरकलेली असते.

हवा धरते का

ही पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते अख्ख्या कामातली हीच पायरी मोलाची आहे.

ऑइल इंजिनात क्रँककेस म्हणजे तेलाचं भांडं. टू-स्ट्रोकमध्ये तो पंप असतो. पिस्टन वर जाताना मिश्रण आत खेचतो, खाली येताना ते दाबून सिलिंडरमध्ये ढकलतो. त्या भांड्याला भोक पडलं तर बाहेरची कोरडी हवा आत शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी आणि त्याबरोबर तेलही कमी. मशीन आधी जास्त जोरात पळतं, मालक खूश होतो, आणि मग पिस्टन वितळतो.

एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून वरून सायलेन्सर आवळा. कार्ब्युरेटरच्या बाजूला तसंच दुसरं रबर. कार्ब्युरेटरला दाब नेणारी छोटी नळी असते, तिच्यातून हवा भरायची. खास पंप मिळतो, पण मी डॉक्टरांचं टाकून दिलेलं, डायलचं रक्तदाबाचं यंत्र वापरतो. ३०० पर्यंत काटा न्यायचा, म्हणजे दाबाच्या मापात साधारण ०.४ बार. काटा मिनिटभर जागचा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी लावा: सिलिंडरच्या बुडाला, सीलांवर, प्लगखाली, इनटेकच्या रबरी बुटावर. क्रँक हळूहळू फिरवत राहा, काही सील एकाच जागी गळतात.

एवढ्यावर थांबू नका. उलटी परीक्षाही घ्या. हातपंपानं अर्धा बार निर्वात करा. सीलचा ओठ दाबानं शाफ्टला चिकटतो, पण ओढीनं उचलतो. त्यामुळं दाबात पास झालेलं सील निर्वातात नापास होऊ शकतं. वखारीतल्या मशीनचं नेमकं हेच होतं. फ्लायव्हीलच्या बाजूचं सील दाब धरत होतं आणि ओढ सोडत होतं. आधीच्या मिस्त्रीनं पिस्टन बदललेला दिसत होता, सील नव्हतं बदललं.

इनटेकचा रबरी बूट काढून हातात वाकवा. सरळ असताना भेग दिसत नाही, वाकवल्यावर तोंड उघडते.

कार्ब्युरेटर आणि आपलाच ऊस

पंपावरचं पेट्रोल आता ई२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं. आपल्याच जिल्ह्यातला ऊस फिरून कार्ब्युरेटरमध्ये येतो म्हणायचं. जुन्या मशीनचे पडदे (डायफ्राम) आणि नळ्या या पेट्रोलसाठी बनलेल्या नव्हत्या, ते कडक होतात, फुगतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून नवीन डायफ्राम, सुई, जाळी, पेट्रोलची नळी आणि टाकीतला फिल्टर एकदमच बदला. जेटच्या भोकात तार घालू नका. क्लिनर आणि हवा पुरे. टाकीचा श्वास घ्यायचा व्हॉल्व्ह बंद असेल तर मशीन दहा मिनिटांनी मरतं आणि झाकण सैल केलं की जिवंत होतं. हे ओळखायला एवढी खूण पुरेशी.

मशीन महिनाभर ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

ठिणगी देणारी कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट ०.२ ते ०.३ मिमी. लग्नपत्रिकेचा जाड कागद मध्ये घालून स्क्रू आवळा. प्लग एनजीके बीपीएमआर७ए किंवा त्याच जातीचा, फट ०.५ मिमी.

आता भिंतीवरचा खडू घ्या. माझ्या मशीनचं कॉम्प्रेशन इथवर १५५ झालं होतं आणि बिनबदलाचंच ते वखारवाल्याला ओळखू येईना. बहुतेकांनी इथं थांबावं असं मी सांगतो. ज्यांना थांबवत नाही, त्यांच्यासाठी पुढचं.

आता ताकद: पहिला बदल शिशाच्या तारेनं

पिस्टन पूर्ण वर असताना त्याचा माथा आणि हेडची कड यांत उरणारी फट म्हणजे स्क्विश. ती मोजायला १.५ मिमीची सोल्डरिंगची तार प्लगच्या भोकातून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घाला, पिस्टन पिनेच्या रेषेत, म्हणजे पिस्टन डुलून माप चुकणार नाही. क्रँक एकदा वरून पार करा आणि चेपलेलं टोक मायक्रोमीटरनं मोजा. दुसऱ्या बाजूनंही घ्या.

माझी तार १.१ मिमी आली. सिलिंडरखालचं पॅकिंग ०.५ मिमीचं. ते काढून त्याजागी पेट्रोल सोसणारा ॲनएरोबिक सीलंट पातळ लावला की फट ०.६ राहते. ०.५ च्या खाली जाऊ नका. भर वेगात रॉड किंचित ताणला जातो, बेरिंगमध्ये खेळ असतो, माथ्यावर कार्बन साचतो, आणि मग पिस्टन हेडला टेकतो. साधा सिलिकॉन लावू नका, पेट्रोलनं त्याचा लगदा होतो. तुमच्या मशीनला दाबाची वाट पॅकिंगमधल्या भोकातून जात असेल तर सीलंटनं ती बुजणार नाही हे बघा. मग पुन्हा रक्तदाब मोजायचा, सुटका नाही.

एवढ्यानं माझं कॉम्प्रेशन १७० च्या पुढं गेलं आणि दोर ओढताना खांद्याला कळलं.

पोर्ट: अंश मोजल्याशिवाय हत्यार लावू नका

सिलिंडर अर्धा मिमी खाली आला म्हणजे सगळी दारंही तेवढी खाली आली. एक्झॉस्ट थोडं उशिरा उघडणार, इनटेक थोडं जास्त वेळ उघडं राहणार. किती, ते मोजता येतं. जुन्या सीडीवर छापील कोनमापक चिकटवून क्रँकला बसवा, तारेचा काटा करा. प्लगच्या भोकातून बोथट बोल्ट सोडून पिस्टन दोन्ही दिशांनी त्यावर टेकवा, दोन आकड्यांचा मध्य काढा, तो खरा वरचा बिंदू. आता एक्झॉस्ट किती अंशांवर फटीएवढं उघडतंय ते वाचा. ३४ मिमीच्या स्ट्रोकला, एक्झॉस्ट उघडतं त्या शंभरएक अंशांच्या आसपास, एक अंश म्हणजे साधारण ०.२८ मिमी. म्हणजे पॅकिंग काढल्यानं जेमतेम दोन अंशांचा फरक. लाकूड तोडणाऱ्याला तो फायद्याचाच आहे: एक्झॉस्ट उशिरा उघडलं की खालच्या वेगातली ओढ वाढते. त्यामुळं एक्झॉस्ट पोर्टचं छत, म्हणजे वरची कड, उचलू नका. छत उचलून वरचा वेग मिळतो, तो शर्यतीत लागतो, बाभळीत नाही.

रुंदी मात्र थोडी वाढवता येते. एक्झॉस्टची रुंदी बोअरच्या ६० टक्क्यांपर्यंत, ५२ ला ३१ मिमी, त्यापुढं मी जात नाही. वरची कड कमानीसारखी गोल राहिली पाहिजे, सरळ झाली की रिंग बाहेर फुगून अडकते. आधी पिस्टन आत ठेवून मार्करनं रेघ मारा: पिस्टनच्या स्कर्टची, म्हणजे खालच्या घेराची, कड पोर्टच्या दोन्ही बाजूंना किमान दोन मिमी भिंतीवर टेकलेली उरली पाहिजे. रिंगेचं तोंड कुठल्याही पोर्टवरून जाता कामा नये. मुलामा फक्त हिऱ्याच्या बरनं, म्हणजे घासणाऱ्या फिरत्या टोकानं, कापा, कार्बाइडनं त्याचे टवके उडतात. शेवटी प्रत्येक कडेला हलका उतार द्या. आत आरसा करायच्या नादी लागू नका. बाहेर नेणाऱ्या वाटेत ओतकामाचे उंचवटे राहिले असतील ते काढा, एवढंच.

फ्लायव्हीलची चावी घासून स्पार्क चार-सहा अंश लवकर आणायची युक्ती पुष्कळजण सांगतात. मी करत नाही. दोर उलटा झटका मारून मनगटाला जे देतो, त्या मानानं मिळकत फार थोडी.

आणि शेवटी, बाबा, सायलेन्सर

एक्झॉस्ट पोर्टची रुंदी आणि उंची मोजून क्षेत्रफळ काढा. सायलेन्सरच्या बाहेरच्या तोंडाचं क्षेत्रफळ त्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास आणायचं. पोर्ट ४२० चौरस मिमी भरला तर तोंड ३१५, म्हणजे २० मिमी व्यासाचं एक गोल भोक. मूळ तोंड जेवढं कमी पडतं तेवढंच दुसरं भोक पाडा. हवेचा झोत हाताकडं, प्लास्टिककडं, टाकीकडं नको. ठिणगीची जाळी काढू नका. उसाच्या पाचटात एक ठिणगी पुरते, आणि त्या आगीत शेजाऱ्याचाही फड जातो.

माझी चूक इथली. बऱ्याच वर्षांपूर्वी एकाचं मशीन असंच मोकळं करून दिलं आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू 'ठीकच वाटतोय' म्हणून तसाच सोडला. मोकळ्या सायलेन्सरनं इंजिन जास्त हवा घेतं, त्याला पेट्रोलही जास्त लागतं. त्यानं दुपारी बाभळीच्या बुंध्यात घातलं, तिसऱ्या टाकीला 'चीं' करून मशीन थांबलं. नवा पिस्टन माझ्या खर्चानं गेला.

म्हणून: एच स्क्रू (भर वेगातल्या पेट्रोलचा) हलकेच बंद करून तिथून आधी एक पूर्ण फेरा उघडा. मशीन पाच मिनिटं गरम करा. एल स्क्रूनं (कमी वेगातल्या पेट्रोलचा) आयडल, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचा वेग, सगळ्यात वर जाईल तिथं आणून किंचित उघडा, मग एलए स्क्रूनं (आयडलचा वेग ठरवणारा) साखळी थांबेल इतकं उतरवा. पूर्ण थ्रॉटलवर तीन-चार सेकंदच न्या आणि ऐका. बिनलोड असताना आवाजात ओली फडफड हवी, आणि लाकडात घातल्यावर ती साफ होऊन एकसुरी व्हायला हवी. लाकडातही फडफडलं तर पेट्रोल जास्त. हवेतही स्वच्छ किंचाळलं तर कमी, ताबडतोब सोडा. टॅकोमीटर असेल तर मॅन्युअलमधल्या कमाल आकड्याच्या ३००-४०० फेरे खाली थांबा. नव्या मशीनच्या कॉइलमध्ये वेग रोखायची सोय असते, तिचाही आवाज फडफडीसारखाच येतो. त्यात कान फसला की गेला पिस्टन.

पहिल्या पाच-सहा टाक्या ४० ला १, म्हणजे लिटरला २५ मिली चांगलं टू-स्ट्रोक तेल. नंतर ५० ला १, २० मिली. पहिल्या टाकीला बिनलोड बोंबलवू नका. तिसऱ्या टाकीनंतर सिलिंडर आणि सायलेन्सरचे स्क्रू पुन्हा आवळा, ते सैल होतातच.

ताकद वाढल्यावर एक स्वस्त बदल उरतो. सात दातांच्या जागी आठ दातांचं रिम स्प्रॉकेट. मिनिटाला १०,००० फेऱ्यांना साखळीचा वेग सेकंदाला २२ मीटरवरून २५ वर जातो. छोटा बार आणि निलगिरी, सुबाभूळ असलं लाकूड असेल तरच. लांब बार बुंध्यात पुरून काम करणाऱ्यानं सातच ठेवावेत.

साखळी ब्रेक आणि तुटलेली साखळी पकडणारा आकडा तपासल्याशिवाय असलं मशीन मी कुणाला देत नाही. चप्पल घालून आलेल्याला ट्रायलही देत नाही, मग तो गावचा पैलवान का असेना. आणि झाड तोडायचं असेल तर परवानगी आधी: १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे, शहरात १९७५ चा वेगळा.

राहिलं एक. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. इथं बसवलेला स्क्रू घेऊन कुणी गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडीकडं कामाला गेलं, तर खाली हवा दाट असते आणि तोच स्क्रू तिथं पेट्रोल कमी देतो. वखारवाल्यानं मशीन नेताना पहिला प्रश्न विचारला तो हाच होता, कोकणात नेलं तर चालेल का. त्याला स्क्रूड्रायव्हर हातात देऊन दाखवलं: घाट उतरलास की एच स्क्रू डावीकडं एक अष्टमांश फेरा, फडफड ऐकू येईपर्यंत. वर आलास की परत. त्यानं झाकणाच्या आत मार्करनं दोन बाण काढून घेतले, एकावर 'घाटाखाली' आणि दुसऱ्यावर 'घाटावर'.